साडेपाच की साडेसहा

शनिवारी सकाळी मीरा तायडे डेन्व्हरजवळच्या त्या स्कीच्या दुकानात शिरली, खांद्यावरची जुनी जोडी तिनं काउंटरवर आडवी टाकली आणि म्हणाली, "ही बाद."

पुलांबद्दलही ती याच आवाजात बोलायची. कोलोरॅडो राज्याच्या खात्यात ती पूल तपासायची. क्रेनच्या पाळण्यात उभी राहून पुलाच्या पोटाखाली जायचं, हातोडीनं बोल्ट ठोकायचे, नुसत्या आवाजावरून कुठला सैल झालाय ते ओळखायचं, असं तिचं वीस वर्षांचं काम. बर्फावर ती तिशीत उतरली, तेसुद्धा रागानं. नवरा आणि मुलं डोंगरावर जायची आणि हिनं खाली हॉटेलात सँडविचं राखत बसायचं, हे तिला एकच दिवस जमलं. दुसऱ्या दिवशी तिनं शिकवणी लावली. आता मुलं कॉलेजला गेली होती, रवीचे गुडघे कुरकुरत होते, आणि मीरा मात्र असे उतार शोधायची की वरून बघूनच मराठी मंडळातल्या बायकांच्या तोंडचं पाणी पळावं.

पुढच्या रविवारी तिची परीक्षा होती. विलो पीक या डोंगरावर जखमी लोकांना खाली आणणारं स्वयंसेवकांचं पथक होतं, लाल जाकिटांचं. तीन वर्षांपूर्वी झाडावर आपटलेल्या एका अनोळखी बाईचा हात धरून मीरा वीस मिनिटं नुसती बसून राहिली होती, कारण दुसरं काहीच करता येत नव्हतं. मग लाल जाकीटवाले आले आणि चार मिनिटांत सगळं हाती घेतलं. तेव्हापासून तिला ते जाकीट हवं होतं. प्रथमोपचाराचा अभ्यासक्रम तिनं पहिल्या नंबरानं पुरा केला होता. राहिला होता फक्त 'ब्लॅकस्मिथ' नावाचा उतार, पथकाच्या प्रमुखाच्या डोळ्यांसमोर उतरायचा. नियम साधा होता. पडलात किंवा स्की पायातून सुटली, तर पुढच्या वर्षी या.

आणि गेल्या मार्चमध्ये त्याच ब्लॅकस्मिथवर तिची स्की दोनदा सुटली होती. दुसऱ्या वेळी ती चाळीस फूट घरंगळली. हाडबीड काही मोडलं नाही, पण त्या रात्री रवीनं तिच्या खांद्याला मलम चोळता चोळता मायेनं म्हटलं होतं, "मीरा, आता वय झालं गं. खालच्या उतारांवर फिरू की दोघं." खांदा आठवड्यात बरा झाला. ते वाक्य काही उतरलं नाही.

"काय झालं हिला?" रुहीनं जुनी स्की उलटी करून पाहिली. रुही या दुकानाची मुख्य तंत्रज्ञ. वय चौतीस, जन्म आणि वाढ अमेरिकेतच, पिस्कॅटवेची. केमिकल इंजिनिअरिंगची पदवी गुंडाळून ठेवून ती डोंगरात आली होती. तिचे बाबा लोकांना सांगायचे की मुलगी आउटडोअर इंडस्ट्रीत आहे, आणि लगेच विषय बदलायचे. पण बाइंडिंग बसवण्यात तिचा हात धरणारं आसपास कुणी नव्हतं.

"सुटते. मी पडत नसताना सुटते," मीरा म्हणाली. "दहा वर्षं झाली तिला. स्प्रिंग गेली असणार. मला सगळंच नवीन हवंय."

"ओके मावशी, स्नो कसा असतो तुमचा? आय मीन, कुठे कुठे जाता?"

"सगळीकडे. सकाळी टणक असतो, दुपारी लोकांनी उकरून ठेवलेला. झाडांतून जाते, टेंगळांवरून जाते, आणि हळू जात नाही."

शेजारून जाणाऱ्या एका हसतमुख विक्रेत्यानं हे अर्धवट ऐकलं आणि फिकट जांभळ्या रंगाची, नाजूक फुलांची एक स्की पुढे केली. लेडीज मॉडेल आहे, पायाला एकदम हलकी, असं म्हणाला. मीरानं तिचं टोक एका हातात धरलं, दुसऱ्या हातानं मधे दाबलं. स्की निमूटपणे वाकली. मीरानं ती त्याला परत दिली आणि रुहीला म्हणाली, "पोळी छान झालीय. मला भाकरी हवीय."

रुही खो खो हसली आणि आतून तीन जोड्या घेऊन आली. एक पायाखाली अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर रुंद, एक शहाण्णव, एक एकशे चार. मीरानं तिन्ही वाकवून पाहिल्या, पिळून पाहिल्या, कडेवर नख फिरवलं. अरुंद जोडी टणक बर्फाला चांगली, पण दुपारच्या उकरलेल्या बर्फात तिचं टोक खाली घुसलं असतं. सगळ्यात रुंद जोडी ताज्या बर्फाच्या दिवशी तरंगली असती आणि बाकीचे दिवस वळताना उशीर केला असता. मधली शहाण्णवची, लाकडाच्या वर-खाली धातूचा पत्रा घातलेली, एकशे बहात्तर सेंटिमीटर लांब.

"ही हेवी आहे हं," रुहीनं बजावलं. "दुपारी चारला पाय कम्प्लेंट करतील."

"पूलही जड असतात. म्हणून थरथरत नाहीत. हीच."

मग बाइंडिंग. बूट स्कीला धरून ठेवणारा हा सापळा. माणूस पडला की त्यानं बूट सोडायला हवा, नाहीतर पाय मोडतो. आणि माणूस पडत नसेल तर त्यानं अजिबात सोडता कामा नये, नाहीतर माणूस पडतो. कधी सोडायचं ते ठरवायला त्यावर एक आकडा लावतात. आकडा जेवढा मोठा, तेवढी पकड घट्ट. भिंतीवर सोळापर्यंत आकडे असलेलं एक दणकट बाइंडिंग होतं. दुकानातले निम्मे तरुण त्याच्याकडेच बघत उभे होते.

"ते नको," रुही आणि मीरा एकदमच म्हणाल्या.

"ते सहापासून सुरू होतं," रुही म्हणाली. "तुमचा नंबर सहाच्या आसपास येणार. स्प्रिंग एकदम बॉटमला बसेल."

"मापाचं यंत्र मधल्या भागातच खरं बोलतं," मीरा म्हणाली आणि चार ते तेरावालं उचललं. दोघींचं छान जमत होतं.

रुहीनं फॉर्म पुढे सरकवला. उंची, वजन, बुटाच्या तळव्याची लांबी, स्कीइंगची पद्धत, जन्मतारीख. मीरानं वजन खरं लिहिलं, इतकं की रुहीनं भुवया उंचावल्या. पद्धतीत तिनं तिसरा प्रकार निवडला, म्हणजे जोरकस. जन्मतारीख तर हातानं आपोआप लिहिली. एक जून एकोणीसशे त्र्याहत्तर. रुहीनं सगळं संगणकात भरलं.

"फाइव्ह पॉइंट फाइव्ह."

"साडेपाच? माझा साडेसहा असतो."

रुहीनं जुनी नोंद काढली. "आधी साडेसहाच होता. मागच्या सीझनपासून साडेपाच. कारण तुम्ही फिफ्टी झालात ना, मावशी. फिफ्टी झालं की चार्टवर एक ओळ वर जायचं, नंबर कमी होतो. बोन्स, यू नो."

मीरानं फॉर्म पुन्हा हातात घेतला. ज्या बाईला दीडशे फुटांवरून तुळईतली भेग दिसते, तिला स्वतःच्याच फॉर्मवरची भेग दिसायला एवढा वेळ लागला. स्प्रिंग गेली नव्हती. वयही झालं नव्हतं. चाळीस वर्षं प्रत्येक फॉर्मवर, न बघता, न थांबता ती तीच एक खोटी तारीख लिहीत आली होती.

"रुही, मी पन्नाशीची नाहीये. अजून."

रुहीच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण जरा दमल्यासारखं झालं. तिचा दिवस याच वाक्यांवर जायचा. गिऱ्हाईकं वजन दहा किलोंनी कमी सांगत, कसब दोन इयत्तांनी वाढवत, आणि वयाचं तर विचारूच नका. गेल्याच आठवड्यात एका पांढऱ्या मिशीवाल्यानं डोळ्यांत डोळे घालून बेचाळीस सांगितलं होतं.

"लायसन्सवर काय आहे?"

"त्र्याहत्तर."

"मग मावशी..."

"लायसन्सवर आहे ते हेडमास्तरांचं म्हणणं आहे," मीरा म्हणाली, आणि तिनं सांगायला सुरुवात केली.

दर्यापूर तालुक्यातलं त्यांचं गाव. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा बाप मोठ्या ज्ञानदेवाला, म्हणजे दादाला, पहिलीत घालायला निघाला. चार वर्षांच्या मीरानं मागे धावत जाऊन बापाचं धोतर धरलं आणि असा काही गळा काढला की बापानं हात टेकले आणि दोघांनाही शाळेत नेलं. हेडमास्तर म्हणाले, पोरगी तरतरीत आहे, बसू द्या. पण पहिलीला सहा वर्षं पुरी लागतात. जन्माचा दाखला दोघांचाही नव्हता. तेव्हा गावात कुणाचाच नसायचा. हेडमास्तर अशा सगळ्यांना एक जूनच द्यायचे, हिशेबाला सोपी. त्यांनी दोघांच्याही नावापुढे एक जून त्र्याहत्तर लिहून टाकलं. दोन वर्षांनी मोठा भाऊ आणि धाकटी बहीण कागदावर जुळी झाली. ती तारीख दहावीच्या सर्टिफिकेटवर चढली, तिथून पासपोर्टवर, तिथून अमेरिकेत आली.

रुही नीट ऐकत होती. पण तिनं मान हलवली.

"आय बिलीव्ह यू, मावशी. बहुतेक. पण मी साडेसहा लावला आणि तुमचं लेग ब्रेक झालं तर? खाली साइन माझी असते."

मीराच्या नाकावर राग आला. जिभेच्या टोकापर्यंत बरंच काही आलं. पण गावात सगळ्यांना ठाऊक आहे एवढ्यावर तिनं स्वतः कधी एकही पूल पास केला नव्हता, हेही तिला आठवलं. पोरगी बरोबर होती. पोरगी बरोबर आहे याचाच जास्त राग येत होता. तिनं फोन काढला आणि अमेरिकेतच अल्फारेटाला राहणाऱ्या दादाला व्हिडिओ कॉल लावला.

"दादा, एक सांग. माझा जन्म कधीचा?"

ज्ञानदेव तायडे गाडी धूत होता. हातात पाण्याचा पाइप, डोक्यावर टोपी. "पुतळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. का गं? विसरली का?"

"आणि पुतळा कधीचा?"

"अवं, असं काय विचारून राहिली? पंच्याहत्तरच्या जयंतीचा. आईला नववा महिना होता, तरी ती मिरवणुकीत पुढं. आजी ओरडत होती घरी बस म्हणून. आई म्हणे, बाबासाहेब वस्तीत येऊन राहिले आन् मी घरी बसू? पुतळा बसला, रात्रभर भजनं झाली, आणि सकाळी तू. कोण विचारतंय?"

"स्कीवाली."

"स्कीवाली?" दादानं पाइप खाली ठेवला. पण त्यानं पुढे काही विचारलं नाही. गेल्या मार्चमध्ये मीरा पडली तेव्हा त्यानं रोज फोन केला होता. "थांब. फोटो पाठवतो."

फोटो आला. निळ्या रंगाचा चौथरा, वर पुतळा, आणि समोर दादा आणि मीरा, गेल्या डिसेंबरात गावी गेले होते तेव्हाचा. चौथऱ्यावर संगमरवराची पाटी होती. रुहीनं फोटो मोठा केला आणि पाटीवर बोट ठेवलं. मराठी शाळेतल्या रविवारांना स्मरून ती एकेक आकडा जुळवत गेली.

"चौदा... एप्रिल... एक, नऊ, सात... हा पाच ना?"

"पाच."

"सो तुम्ही पंधरा एप्रिल. म्हणजे तुम्ही फिफ्टी होणार..."

"तीन महिन्यांनी," मीरा म्हणाली. "रुही, ऐक. वय लपवायला मी आले नाहीये. हाड कागद वाचत नाही, पुतळाही बघत नाही, त्याला त्याचं खरं वय ठाऊक असतं. ते आज एकोणपन्नास आहे. पंधरा एप्रिलला पन्नास होईल. त्या दिवशी मी स्वतः या काउंटरवर येईन आणि तू हा आकडा साडेपाच करशील. लिहून देते."

रुही तिच्याकडे बघत राहिली. खोटं बोलणारी माणसं पाच वर्षं मागतात, दहा मागतात. अकरा वर्षांच्या नोकरीत तिच्याकडे कुणी तीन महिने मागितले नव्हते. आणि ते परत करायची तारीखही कुणी स्वतःहून सांगितली नव्हती.

"माझ्या बाबांचा बर्थडेपण जून फर्स्ट आहे," ती अचानक म्हणाली. "आणि अशोककाकाचा. आम्ही लहानपणी म्हणायचो, वॉव, काय कोइन्सिडन्स."

मीरा नुसती हसली.

रुहीनं पहिला फॉर्म फाडून टोपलीत टाकला आणि कोरा पुढे केला. मीरानं भराभरा उंची, वजन, लांबी भरली. जन्मतारखेच्या चौकटीवर मात्र पेन थांबलं. पदव्या, लग्न, व्हिसा, घर, मुलांचे दाखले, कितीतरी कागदांवर तिनं सह्या केल्या होत्या, आणि आईनं तिला जन्म दिला तो दिवस त्यातल्या एकावरही नव्हता. नवव्या महिन्यात मिरवणुकीत चालून आलेल्या त्या बाईच्या कळांची कुठेच नोंद नव्हती. मीराचे डोळे भरून आले आणि तिनं ते भरू दिले. मग तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं. पंधरा एप्रिल एकोणीसशे पंच्याहत्तर.

संगणकानं क्षणभर विचार केला आणि साडेसहा दाखवलं.

दोन तासांत बाइंडिंग बसलं. रुहीनं बूट अडकवून स्की यंत्रावर चढवली आणि बूट सुटेपर्यंत पिळून दाखवला, आधी पुढून, मग टाचेकडून, दोन्ही स्कींचा. मीरा काट्यावर डोळे रोखून उभी होती. चारही वेळा काटा हव्या त्या जागी आला तेव्हाच तिनं जोडी घ्यायला हात पुढे केला.

त्या संध्याकाळी रवीनं दारातली नवी जोडी उचलून पाहिली आणि म्हणाला, "केवढी जड आहे ही! मी तुला हलकी घ्यायला सांगितलं होतं."

"वय झालं म्हणून?"

"मी तसं म्हणालो नाही."

"मार्चमध्ये म्हणाला होतास. रवी, वय नव्हतं झालं. फॉर्म चुकला होता." आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. रवी ओशाळला. मग म्हणाला, रविवारी थर्मास मी भरतो, आलं घालून.

रविवारी ब्लॅकस्मिथच्या माथ्यावर वारा नव्हता. पथकाची प्रमुख ही साठीची, कातडी रापलेली, अजिबात न हसणारी बाई होती. ती आधी खाली गेली आणि निम्म्या वाटेवर, खडकाच्या अंगाला उभी राहिली. मुद्दाम तिथेच. तिथे उतार अरुंद होत होता आणि बर्फाचं एक दगडासारखं टेंगूळ मधोमध बसलेलं होतं. गेल्या मार्चमध्ये दोन्ही वेळा स्की तिथेच सुटली होती.

मीरानं काठीसकट हात वर केला आणि निघाली.

पहिली चार वळणं तिनं कसून घेतली. टणक बर्फात कड घुसली, स्की थरथरली नाही. मग तिनं वेग दिला. हातचं राखून उतरायचं असतं तर जांभळी स्की काय वाईट होती? खडक आला, वाट आवळली, टेंगूळ समोर आलं. टाळायला जागा होती, जराशी. तिनं टाळलं नाही. डाव्या पायाला तळव्यापासून मांडीपर्यंत धक्का बसला, गुडघा छातीशी आला, आणि क्षणभर तिला मार्च आठवला, पाय एकाएकी मोकळा झाल्याची ती पोकळी. ती पोकळी आली नाही. बूट जिथं होता तिथंच होता. खाली तिची स्की होती, वर ती होती, आणि पुढचं वळण तिनं तोंडानं "ए!" असं ओरडत घेतलं. कुणाला उद्देशून ते तिलाही ठाऊक नव्हतं.

खाली प्रमुख बाई तिच्याजवळ येऊन थांबली. "ते टेंगूळ चुकवता आलं असतं," ती म्हणाली.

"हो," मीरा म्हणाली.

बाईनं वहीत काहीतरी लिहिलं आणि विचारलं, जाकीट मीडियम लागेल की लार्ज. थर्मास घेऊन उभ्या असलेल्या रवीनं हे ऐकलं आणि अर्धा चहा बर्फात सांडला.

त्या हंगामात मीरा लाल जाकिटात अकरा माणसं खाली घेऊन आली. त्यातला एक तो पांढऱ्या मिशीवाला होता. त्यानं स्ट्रेचरवर पडल्या पडल्या वय बेचाळीस सांगितलं. मीरानं फॉर्मवर तसंच लिहिलं आणि पुढे एक छोटंसं प्रश्नचिन्ह काढलं.

पंधरा एप्रिलचा मंगळवार. मीरा कामावरून थेट दुकानात आली, अंगात पुलाखाली घालायचं पिवळं जाकीट तसंच. खांद्यावर ती जड जोडी. रुही काउंटरवरच होती, जणू वाट बघत.

"आलात!"

"लिहून दिलं होतं ना."

"मी बाबांना विचारलं," रुही म्हणाली. "त्यांचा रिअल बर्थडे कोजागिरीच्या आसपास असतो. आजीला फक्त चंद्र आठवत होता. थर्टी-फोर इयर्स आम्ही राँग डेला केक कापतोय, आणि ते गप्प बसून खातात!"

"केकला कोण नाही म्हणेल?" मीरानं स्की काउंटरवर ठेवली. "कर साडेपाच."

रुहीनं स्क्रू-ड्रायव्हर उचलला, पण लावला नाही. "मावशी, अजून दोन वीकेंड्स डोंगर ओपन आहे. ब्लॅकस्मिथवर परत सुटली तर?"

"सुटली तर सुटली. तेव्हा कारण तरी खरं असेल."

रुहीनं स्क्रू फिरवला. एकेका फेऱ्याला बारीक काटा खाली सरकत गेला, साडेसहावरून सहावर, सहावरून साडेपाचवर. मग यंत्रावर पुन्हा चारही तपासण्या झाल्या, आणि छपाईयंत्रातून चिठ्ठी बाहेर आली. नाव, मीरा तायडे. जन्मतारीख, पंधरा एप्रिल एकोणीसशे पंच्याहत्तर. वय, पन्नास.

मीरानं चिठ्ठी दोनदा वाचली. मग तिनं तिचा फोटो काढून दादाला पाठवला, आणि मूळ चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवली, आईच्या छोट्या फोटोच्या मागे.

"हॅपी बर्थडे, मावशी," रुही म्हणाली.

पन्नास वर्षांत त्या दिवशी, त्या तारखेला, कागद बघून हे म्हणणारी ती पहिलीच होती.